निर्मनुष्य कोणी केलं?

मराठी प्रवासवर्णनांना, आणि त्याहून अधिक मराठी प्रवास-व्हिडिओंना, हल्ली एका शब्दाची चटक लागली आहे. ‘अस्पर्श’. हिमालयातली दरी अस्पर्श, अंदमानचा किनारा अस्पर्श, आणि नॉर्वेचे फ्योर्ड तर विचारूच नका. चित्र ठरलेलं असतं. अंगात तरंगणारा लाल पोशाख घालून निवेदक रबरी बोटीत बसलाय, दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटरचे कडे उभे आहेत, वरून धबधबा थेट समुद्राच्या पाण्यात कोसळतोय, आणि निवेदक इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगतोय की इथे माणसाचं पाऊल पडलेलं नाही. त्याच्या खांद्यामागे, कड्याच्या मध्यावर, गवताचा एक हिरवा पट्टा आणि लाकडी घराचं छप्पर दिसत असतं. तो वळून पाहत नाही.

माझं भांडण या न वळण्याशी आहे. शब्दाची हौस म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. एखादी जागा ‘अस्पर्श’ म्हटली की तिथे राहून गेलेल्यांचं नाव पुसलं जातं, आणि नाव पुसलं की त्या जागेचं काहीही करायला आपण मोकळे होतो.

गेइरांगर फ्योर्डचंच घ्या, कारण बहुतेक मराठी पर्यटक तिथेच जातात. पंधरा किलोमीटर लांबीचा हा समुद्राचा फाटा २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथला ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा फोटोत सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला अगदी खेटून क्निव्सफ्लो नावाची शेतवाडी होती. माणसं तिथे जनावरं पाळत होती, गवत कापत होती, पोरं वाढवत होती. वरचा कडा कोसळण्याचं भय झालं म्हणून १८९८ मध्ये ती सोडावी लागली. समोरच्या बाजूला, पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचावर, स्कागेफ्लो. शेळ्यांच्या जोरावर ही वाडी एके काळी त्या भागातली सधन मानली जायची. लहान मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, आणि सरकारी करवसुली करणारा येताना दिसला की वर चढायची शिडी ओढून घेत, अशा गोष्टी तिथे अजून सांगतात. (शिडीची गोष्ट खरी असो वा नसो, ती कोणत्याही कुळाला पटकन पटेल.) १९१८ साली तिथला कायमचा संसार संपला. पुढे १९९३ मध्ये नॉर्वेच्या राजाराणीने आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस याच वाडीवर साजरा केला. म्हणजे राजाला ती जागा कोणाची होती हे ठाऊक होतं. आपल्या निवेदकाला नाही. या पडक्या वाड्या राखण्यासाठी स्थानिकांनी १९७५ मध्ये संस्था काढली आहे, ते लोक छपरं शाकारतात, वाटा मोकळ्या ठेवतात. वळून पाहायला एवढं सगळं तिथे उभं आहे.

आता ‘दुर्गम’ या दुसऱ्या लाडक्या शब्दाकडे या. फ्योर्ड दुर्गम कधीपासून झाले? जोवर होडी हेच वाहन होतं तोवर फ्योर्ड हा हमरस्ता होता. लग्नाची वरात होडीतून, प्रेत होडीतून, दर रविवारी प्रार्थनेला जाणं होडीतून. चार वल्ह्यांची ती लाकडी होडी, फळीवर फळी चढवून खिळलेली. ही विद्या शेकडो वर्षांची, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने नॉर्डिक देशांच्या या होडी-परंपरेलाही वारशाचा मान दिला. नॅरॉयफ्योर्ड हा जेमतेम अडीचशे मीटरपर्यंत अरुंद होत जाणारा फाटा आज ‘जगाच्या टोकाला’ म्हणून विकतात. तिथून सतराव्या शतकात राजाचं टपाल जात होतं. पुढे मोटाररस्ते झाले, ते डोंगर फोडून भलतीकडून गेले, आणि ज्यांच्या दारात हमरस्ता होता ती घरं एकाएकी जगाच्या पाठीमागे पडली. दुर्गमता ही त्या कड्यांची जन्मखूण नाही. ती रस्त्याच्या आखणीतून आली आहे आणि तिचं वय शंभर वर्षांच्या आसपास आहे.

त्याही आधीचं पाहायचं तर दक्षिण नॉर्वेच्या किनाऱ्यावर काउपांग नावाची व्हायकिंगकालीन बाजारपेठ उत्खननात सापडली. तिथल्या मातीतून चांदीची नाणी निघाली, आणि त्यातली बहुतांश नाणी अरबी अक्षरांची, अब्बासी खिलाफतीच्या मुलखातले दिरहम. बगदादच्या बाजूची चांदी व्होल्गा नदीच्या वाटेने, होड्या बदलत, उत्तरेच्या या टोकाला पोचत होती. इसवी सन ९२२ मध्ये बगदादहून गेलेल्या इब्न फदलानला व्होल्गाकाठी ‘रूस’ भेटले, ते याच उत्तरेकडच्या दर्यावर्दींचे भाऊबंद. त्याने त्यांच्या सरदाराला नावेसकट जाळताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. त्यांच्या अस्वच्छतेवर नाक मुरडलं, पण ती माणसं त्याला दिसली. हजार वर्षांपूर्वीच्या मुसलमान प्रवाशाला जे जमलं ते आजच्या कॅमेरावाल्याला का जमू नये?

मी हे मुद्दाम म्हणतो आहे, कारण माझ्या काही दीनदार मित्रांचाही याबाबत गोंधळ आहे. निसर्ग ही अल्लाहची निशाणी, म्हणून माणूस नसलेली जागा पाहून ईमान ताजं होतं, असं ते म्हणतात. निशाणी आहेच, वाद नाही. पण कुरआन जिथे जिथे जमिनीवर हिंडायला सांगतो, तिथे बहुतेक वेळा एक हेतूही सांगतो: तुमच्या आधी जे होऊन गेले त्यांचं काय झालं ते पाहा. प्रवासाचा हुकूम उजाड घरांकडे बोट दाखवून येतो. क्निव्सफ्लोच्या छपराकडे पाठ करून फक्त धबधबा टिपणारा माणूस अर्धाच हुकूम पाळतो आहे.

आणि तो धबधबा तरी ‘अस्पर्श’ आहे का? ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल मराठीत जवळपास कोणी बोलत नाही. नॉर्वेची सुमारे नऊ दशांश वीज पाण्यापासून बनते. हे पाणी कुठून येतं? वरच्या पठारावरच्या तळ्यांतून, म्हणजे जिथून धबधबे येतात तिथूनच. हार्दांगर फ्योर्डच्या सोरफ्योर्ड या फाट्यावर तिस्सेस्ट्रेंगेने नावाचा धबधबा होता. त्याची मुक्त उडीच तीनशे मीटरच्या घरातली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपभरचे श्रीमंत लोक तो पाहायला येत. खाली तिस्सेदालला १९०८ मध्ये वीजकेंद्र सुरू झालं, शेजारच्या ओड्डाला कारखाने आले, आणि १९६७ नंतर तो धबधबा वाहायचा थांबला. आज तिथे ओला-कोरडा कडा आहे. कारखान्यांनी त्याच फ्योर्डच्या तळाशी इतका जस्त, शिसं, कॅडमियम ओतला की पुढे काही दशकं तो जड धातूंनी सर्वाधिक माखलेल्या फ्योर्डांमध्ये गणला जात होता.

मार्दाल्सफॉसेनची कथा तर याहून बोलकी. उत्तर युरोपातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी हा एक. १९७० साली त्याचं पाणी बोगद्याने शेजारच्या खोऱ्यात वळवायचं ठरलं, तेव्हा गावकरी, विद्यार्थी आणि आर्ने नेस हा तत्त्वज्ञ बांधकामाच्या वाटेवर जाऊन बसले, काहींनी स्वतःला साखळदंडाने बांधून घेतलं. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. नेस तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता, ‘खोल पर्यावरणवाद’ हा शब्द त्याने यानंतर जगाला दिला. प्रकल्प झाला. मात्र एक सवलत मिळाली: दर वर्षी २० जून ते २० ऑगस्ट धबधबा चालू ठेवायचा. अक्षरशः चालू. एरवी त्याचं पाणी बोगद्यातून वीजकेंद्राकडे जातं. हार्दांगरच्या प्रसिद्ध व्होरिंग्सफॉसेनलाही उन्हाळ्यात ठराविक पाणी सोडायची अट आहे, कारण तेव्हा पर्यटक येतात. आपल्याकडे सणाला देवळाच्या कारंज्यांचे नळ सोडतात तसं. आता सांगा, वेळापत्रकावर चालणाऱ्या धबधब्यापुढे हात पसरून ‘आदिम, अनाघ्रात’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

नॉर्वेने वीज बनवू नये असं मी म्हणत नाही. त्या विजेने तिथल्या गरिबांच्या घरात उजेड गेला आणि कोळशाचा धूर टळला, हा सौदा कदाचित बरा होता. पण सौदा होता. त्यात कोणाचं तरी खोरं गेलं. पर्यटनाचं पत्रक तेवढं सौदा लपवून माल विकतं, आणि आपण ते मराठीत उतरवून देतो.

इथे हमखास उत्तर येतं: अहो, आम्ही मोठ्या जहाजाने जात नाही, आम्ही छोट्या बोटीने जातो. जणू बोट लहान असली की पाप लहान. वल्हवायची कयाक असेल तर माझी तक्रार नाही. धबधब्याचा आवाज, पक्ष्यांचा आवाज, आपल्याच दमाचा आवाज, असं तिथे खरंच ऐकू येतं, आणि हात दुखतात तेव्हा त्या चार वल्ह्यांच्या होडीत आयुष्य काढणाऱ्यांची थोडी अक्कलही येते. पण ज्याला ‘छोटी बोट’ म्हणून विकतात ती बहुधा शेकडो अश्वशक्तीचं इंजिन लावलेली रबरी बोट असते, आणि दोन उभ्या भिंतींमध्ये तिचा आवाज कितीदा उलटून येतो हे व्हिडिओवर पार्श्वसंगीत चढवल्यामुळे कळत नाही. शिवाय गेइरांगरला येणाऱ्या कित्येक ‘छोट्या बोटींचे’ प्रवासी दोन-तीन हजार माणसांच्या जहाजातूनच उतरलेले असतात. सकाळी जहाज, दुपारी तासभर साहस, रात्री पुन्हा जहाजावर बुफे.

जहाजांचा धूर हा खरा प्रश्न आहे आणि फ्योर्डच्या घडणीमुळे तो बिकट होतो. हिमनदीने कोरलेली ही दरी आत खोल आणि मुखाशी उथळ असते. सोग्नेफ्योर्ड आतून तेराशे मीटर खोल आहे, पण समुद्राला मिळताना उंबरठ्यासारखा वर येतो. वर हवेचंही तसंच. थंड, स्थिर दिवशी कड्यांच्या मध्ये धूर झाकणाखाली कोंडल्यासारखा लोंबत राहतो. जे आत आलं ते लवकर बाहेर जात नाही. म्हणून २०१८ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव केला की जागतिक वारशातल्या फ्योर्डांत २०२६ पर्यंत जहाजं शून्य-उत्सर्जनाची हवीत. उत्तम ठराव. मग अंमलबजावणीची वेळ आली आणि नियम असा निघाला: दहा हजार टनाखालच्या प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून, त्याहून मोठ्यांना २०३२ पासून. ज्यांचा धूर थोडा त्यांनी आधी सुधारायचं, ज्यांचा धूर डोंगराएवढा त्यांना सहा वर्षं सूट. तंत्रज्ञान तयार नव्हतं, बंदरांचं नुकसान झालं असतं, ही कारणं मी वाचली आहेत. २०१८ सालीच फ्लोमहून नॅरॉयफ्योर्डमध्ये चारशे प्रवाशांची पूर्ण विजेवरची बोट धावू लागली होती. मोठ्या जहाजांच्या कंपन्यांना आठ वर्षं पुरली नाहीत, कारण त्यांना फ्योर्ड सोडून दुसरीकडे जाण्याची धमकी देता येते. छोट्या बोटवाल्याला कुठे जाता येतं?

आणि या विजेवरच्या निःशब्द बोटीतही ‘अस्पर्श’ शोधू नका. एका धबधब्याखालून ती तुम्हाला फिरवते, तिची बॅटरी दुसऱ्या कुठल्या तरी बंद केलेल्या धबधब्यावर भरलेली असते.

त्या मोठ्या जहाजांच्या पोटात कोण असतं हेही मराठी वाचकाला सांगायला हवं. गोव्यातले, कोकणातले, फिलिपिन्सचे हजारो लोक त्यांवर राबतात. माझे एक मामू बारा वर्षं अशा जहाजाच्या लाँड्रीत होते. ते गेइरांगरला किती वेळा गेले हे त्यांनाही मोजता येत नाही, पण उतरले एकदाच, तेही दोन तासांसाठी. धबधबा पाहिला तो दोरखंडांच्या डेकवरून, विडी ओढायच्या सुट्टीत. ‘पाणी चांगलं पडतं,’ एवढंच ते त्याबद्दल बोलतात. कड्यावरची घरं मात्र त्यांच्या लक्षात होती. ‘वर सामान कसं नेत असतील?’ हा त्यांचा प्रश्न. मराठीत फ्योर्डवर जेवढं मी वाचलं त्यात हा प्रश्न मला आढळला नाही.

फ्योर्डमधून माणूस निघून गेला तो सगळाच बाजारामुळे नव्हे, हे मान्य. डोंगरही मारतो. ७ एप्रिल १९३४ च्या रात्री ताफ्योर्डला कड्याचा एक तुकडा पाण्यात कोसळला, साठ मीटरहून उंच लाट उठली, चाळीस माणसं गेली. त्याच्या मागेपुढे लोएनच्या तलावाकाठी तेच दोनदा झालं, १९०५ मध्ये एकसष्ट, १९३६ मध्ये चौऱ्याहत्तर. आज गेइरांगरच्या शेजारी ओकरनेसेट नावाचा कडा दर वर्षी काही सेंटिमीटर सरकतो आहे. त्यावर रात्रंदिवस यंत्रांची नजर आहे. तो कोसळला तर लाट मिनिटांत गावात पोचेल, म्हणून भोंगे बसवले आहेत, लोकांना वाटा शिकवल्या आहेत. त्या कड्याखाली वर्षाचे बाराही महिने राहणारी दोनेकशे माणसं आहेत. लाल पोशाखातला पाहुणा ‘इथे कोणीच नाही’ म्हणतो तेव्हा तो या लोकांच्या डोक्यावरून बोलत असतो.

एक आक्षेप मला माहीत आहे. माणूस वर्षभर राबतो, दोन आठवडे सुट्टी काढतो, त्यात तुम्ही इतिहासाचा तास घेणार का? नाही घेणार. सुट्टीत गप्प बसून धबधबा पाहावा, फार चांगलं. खोटं बोलण्याची सक्तीही सुट्टीत नसते, इतकंच माझं म्हणणं. ‘मी एका सोडून दिलेल्या वाडीशेजारून गेलो, पाणी भन्नाट होतं’ हे वाक्य ‘अस्पर्श’पेक्षा लांब नाही आणि त्यात मजाही अधिक आहे.

हे सगळं नॉर्वेचं, आपल्याला काय, असंही म्हणता आलं असतं. पण आता हा शब्द कोकणच्या खाड्यांवर येऊन बसला आहे. ‘महाराष्ट्राचं नॉर्वे’ असल्या मथळ्याखाली खाडी-सफरी विकल्या जातात. भूगोलाच्या दृष्टीने ते चूकच आहे. आपल्या खाड्या बुडालेल्या नदीमुखांच्या, हिमनदीचा त्यांना स्पर्श नाही. पण चूक भूगोलापुरती असती तर मी सोडून दिली असती. वाशिष्ठीतून मगर पाहायला नेणाऱ्या बोटीत ‘अनटच्ड कोकण’ ऐकू येतं तेव्हा मला दाभोळ आठवतं. बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होती, मक्केला जाणारे हाजी तिथून गलबतात बसत. त्या खाडीतून गोवळकोटपर्यंत माल चढत असे. खारवी, गाबीत, भोई, आमचे दालदी, सगळ्यांची पोटं या पाण्यावर. बोटसेवा बंद पडली, रस्ता आणि रेल्वे वरून गेली, धक्के ओस पडले, आणि मग शहरातून आलेल्याला ते ओस पडणं ‘निसर्ग’ वाटलं.

रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याने दाभोळच्या खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी भोई मंडळी वर्षानुवर्षं करत आली आहेत. पत्रकात त्यांना जागा नाही, कारण पत्रकाप्रमाणे तिथे कोणी राहतच नाही. उद्या तिथे तरंगतं हॉटेल आणायचं ठरलं, जाळी टाकायची जागा बोटींसाठी मोकळी करायची ठरली, तर विरोध करायला उभा राहणारा भोई ‘विकासाच्या आड’ येतो, कारण निर्मनुष्य खाडीत हा माणूस आला कुठून? माझ्या पाहण्यात आलेल्या एका खाडी-सफरीच्या नकाशावर पक्षी दाखवले आहेत, मगरी दाखवल्या आहेत, सूर्यास्ताची जागा दाखवली आहे. काठावर मशीद आहे, देऊळ आहे, सुकत घातलेली जाळी आहेत, दोन चालू तरी आहेत. नकाशात त्यांच्या जागी हिरवा रंग भरलेला आहे.